गेनबानं दाखवलेली जागा

सन छत्तीस सालच्या कार्तिकात सांबरं भातावर उतरली ती उतरलीच. वाडी राजगडाच्या सोंडेखाली, गुंजवण्याच्या वरच्या अंगाला, पंधरा उंबऱ्यांची. रानाला चिकटून असलेली खाचरं आधी गेली, मग त्यांच्या खालची. सकाळी माणूस बांधावर जायचा तर लोंब्या ओरबाडलेल्या, उरलेलं भात तुडवून आडवं केलेलं, आणि ओल्या मातीत चार-चार बोटं खोल खूर उमटलेले.

वाडीत बंदूक एकच, ठासणीची, आणि ती हरिबाकडं. पिकाच्या राखणीसाठी भोरच्या कचेरीनं हरिबाच्या बापाच्या नावानं परवाना दिला होता. बाप गेल्यावर तो हरिबाच्या नावावर झाला. बंदूक घरात आहे म्हणून लग्नाकार्यात हरिबाला पाटलांच्या शेजारी बसायला घोंगडी मिळायची. बंदूक नसती तर तो इतरांसारखाच दोन खाचरांचा धनी होता. हे त्यालाही ठाऊक होतं आणि वाडीलाही.

त्या हंगामात तीन हाके झाले. तिन्ही वेळा बारा-तेरा माणसं डबे बडवत, आरोळ्या देत रान उठवत खिंडीकडं चढली, तिन्ही वेळा हरिबा खिंडीत दबा धरून बसला, आणि तिन्ही वेळा सांबरं मधूनच आडव्या अंगाला फुटून पसार झाली. तिसऱ्या हाक्याच्या संध्याकाळी चिमाजी पाटलांनी त्याला ओट्यावर बोलावलं.

"हरिबा, बंदूक तुज्या बापाची म्हणून तुज्याकडं न्हाई. राखणीसाठी हाय. आता एकच हाका. जनावर पडलं तर पडलं. न्हाई पडलं तर पुसाच्या म्हैन्यात परवान्यासाठी मला भोरला जायचंच हाय. तवा दुसऱ्याचं नाव सांगीन."

"दुसरं कुणाचं?" हरिबानं विचारलं.

पाटलांनी पानाचा डबा पुढं ओढला. पण ओट्यावर बसलेल्या सगळ्यांनी एकदमच गेनबाकडं बघितलं, आणि गेनबा खाली मान घालून अंगठ्यानं तंबाखू मळत राहिला. हरिबाला वाटलं, एवढी मळायला लागते होय तंबाखू?

गेनबा हा हरिबाचा चुलत भाऊ. दोघं एकाच वयाचे, लहानपणी एकाच घोंगडीत झोपलेले. पण गेल्या साली हरिबाच्या गोळीनं घायाळ झालेलं सांबर पलीकडच्या दरीत उतरलं, तिथं गेनबाच्या कुत्र्यानं त्याला अडवलं आणि गेनबानं कुऱ्हाडीनं निकाल लावला. कातडं कुणाचं यावरून तंटा झाला. पंचांनी सांगितलं, ज्याच्या हातनं जीव गेला त्याचं. गेनबानं त्या कातड्याच्या वहाणा करून घेतल्या आणि त्या घालून तो हरिबाच्या दारावरून वर्षभर जात-येत होता. तेव्हापासून दोघांत कामापुरतं बोलणं.

आता त्या वाडीची एक रीत सांगितली पाहिजे. बंदूक ज्याच्या हातात, त्यानं बसायची जागा स्वतः निवडायची नाही. स्वतः निवडली तर माणूस हावरेपणा करतो, सोयीची जागा बघतो, असं जुनी माणसं म्हणत. जागा दुसऱ्यानं निवडायची. त्याला बसवणारा म्हणत. बसवणाऱ्यानं आदल्या दिवशी रान फिरायचं, खूर, लेंड्या, अंग घासलेली झाडं बघायची, आणि जिथं बसायचं तिथं एक हिरवी डहाळी ठेवून तिच्यावर धोंडा ठेवायचा. बंदूकवाल्यानं त्या डहाळीपाशी बसायचं आणि तिथून हलायचं नाही. हाका संपला तरी हलायचं नाही. बसवणाऱ्यानंच पाठीमागच्या अंगानं, हाक न मारता यायचं आणि खांद्याला हात लावून उठवायचं. मागं राहिलेलं जनावर आवाजानं बुजू नये म्हणून हाक मारायची नाही, आणि बंदुकीचं तोंड कुणीकडं आहे हे त्या दोघांनाच ठाऊक, म्हणून दुसऱ्या कुणी जायचं नाही.

तीस वर्षं हे काम कुंडलिकआबांनी केलं. ते श्रावणात गेले. जाताना पाटलांना सांगून गेले की आता गेनबाला विचारा, रान त्याला कळतं. पहिले तीन हाके आबांच्या जुन्या जागेवरच झाले, गेनबानं नुसती डहाळी ठेवली. चौथ्याला मात्र तो म्हणाला, जागा बदलायची.

हाक्याच्या आदल्या दिवशी दुपारी त्यानं हरिबाला जागा दाखवायला नेलं. खिंडीकडं न जाता तो ओढ्यानं खाली उतरला. ओढा जिथं काळ्या कातळाला वळसा घालतो तिथं थांबला. समोर कातळ, मागं करंजाची जाळी, मधे वीस पावलांची मोकळी जागा. त्यापलीकडं काही दिसायचंच नाही.

"हितं," गेनबा म्हणाला आणि त्यानं करंजाची डहाळी मोडली.

हरिबा हसला. "हितं म्या काय खेकडं धरू?"

"ऐकून तर घे. सांबरं पहाटं भात खाऊन वर जात्यात आन् खिंडीखालच्या कारवीत बसत्यात. आपून खालनं हाकत वर जातो, हे त्यास्नी आता पाठ झालंय. म्हणून वर न जाता आडवी फुटत्यात. उद्या माणसं मागच्या अंगानं दिवस उगवायच्या आत खिंडीत जात्याल आन् वरनं खाली हाकत्याल."

"वरनं खाली? आजवर कुणी हाकलंय असं?"

"न्हाई. म्हणून तर." गेनबानं चिमूटभर माती उचलून सोडली. "सकाळच्या पारी गार वारं डोंगरावरनं खाली येतं. हाकणाऱ्यांचा वास सांबराला जाईल, सांबराचा वास तुज्याकडं येईल, तुजा वास त्याला न्हाई जायचा. पळून पळून ती ह्याच घळीत उतरणार. ऊन चढलं की वारं फिरतं. तवर काम झालेलं असंल."

"आन् वीस पावलांत मला दिसणार काय?"

"दिसंल तवा ते तुज्या मांडीवरच असंल. चुकायची सोयच न्हाई."

बोलणं पटण्यासारखं होतं. हरिबाला तेच खटकलं. जो माणूस वर्षभर आपल्याशी धड चार शब्द बोलला नाही, तो आज बसून वाऱ्याचा हिशेब समजावतोय. आणि आपलं जनावर पडलं तर त्याचा काय फायदा? काही नाही. नाही पडलं तर? बंदूक त्याच्या घरी. मग हा माणूस आपल्याला चांगली जागा का दाखवील? हरिबानं वाकून घळीतली माती बघितली. खूर होते. पण जुने, कडा ढासळलेले.

"हे तर आठ दिवसांचं हायती," तो म्हणाला.

"व्हय. ह्या वाटंनं ती उगीच येत न्हाईत. भ्याली की येत्यात."

"तुला कुणी सांगितलं?"

"कुंडलिकआबांनी."

मेलेल्या माणसाला विचारायला जाणार कोण? गेनबानं डहाळीवर धोंडा ठेवला आणि दोघं एकामागून एक, दहा पावलांचं अंतर ठेवून वाडीत आले.

घरी हरिबाची बायको सारजाबाई नाचणीच्या भाकरी थापत होती. हरिबानं तिला जागा सांगितली.

"मग बसा की तितं," ती म्हणाली.

"अगं, बसा की काय? घळीत बसून जनावर कुणी मारलंय? उद्या रिकाम्या हातानं आलो की सगळी वाडी म्हणंल, वीस पावलांवरनं हरिबाला सांबर मारता आलं न्हाई."

"भावजी तसं करतील असं मला न्हाई वाटत."

"तुला न्हाई वाटत. वहाणा बघितल्यास त्याच्या?"

"वहाणांचं आता किती दिस धरून बसणार? पायात घालायची वस्तू ती."

"माज्या सांबराच्या वहाणा!"

"बरं बाई, तुमच्या सांबराच्या." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "आन् दुसरं कुठं बसणार?"

हे त्यानं तिलाही सांगितलं नाही. पण त्याच्या मनात जागा होती. घळीच्या वर, कारवीच्या कडेला, डाव्या अंगाच्या सोंडेवर एक म्हातारा हिरडा होता. त्याच्या बुडाशी त्याचा बाप बसायचा. तिथून कारवीचा सगळा उतार दिसायचा. सांबर वरून येवो, खालून येवो, आडवं फुटो, हिरड्याखालच्या माणसाला दिसलंच पाहिजे. बापानं तिथं बसून दोन सांबरं आणि एक भेकर पाडलं होतं. ते भर दुपारच्या हाक्यात पाडलं होतं एवढं मात्र हरिबाच्या ध्यानात आलं नाही. त्याच्या ध्यानात एवढंच होतं की कुठंतरी पाणी मुरतंय.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या बेताला हाकणारी माणसं मागच्या वाटेनं खिंडीकडं गेली. गेनबा ओढ्याच्या तोंडाशी, वाडीच्या बाजूला थांबला. जनावर खाली खाचरांत फुटू नये म्हणून बसवणाऱ्यानं तिथं थांबायचं असतं. हरिबा त्याच्या देखत घळीत शिरला, कातळापर्यंत गेला, डहाळी बघितली, आणि मागं कुणी नाही असं बघून सोंडेवर चढला.

हिरड्याखाली बसल्यावर त्याला बरं वाटलं. समोर उतार मोकळा होता. बंदूक मांडीवर घेऊन त्यानं घोडा चढवला. डोंगरावरून गार वारा येऊन त्याच्या मानेवरून खाली कारवीत उतरत होता. सकाळचं थंड वाटतंय, एवढंच त्याला वाटलं.

खिंडीत डबे वाजले. आरोळ्या उठल्या. कारवीत वरच्या अंगाला काहीतरी मोडल्याचा आवाज झाला, मग तिथंच थांबला. हरिबानं श्वास धरला. थोड्या वेळानं सांबराचा तो खणखणीत, पितळी भांडं आपटल्यासारखा आवाज आला. एकदा. दोनदा. बुजल्यावर ते तसं ओरडतं. कशाला बुजलं? हाकणारे तर अजून लांब होते. मग एकदम कारवी फाटत गेल्यासारखी हलली. हलणारी रेघ त्याच्याकडं येता येता वळली आणि सरळ खाली गेली. घळीत धोंडे घरंगळले. एक जनावर, मागून दुसरं. खुरांचा आवाज कातळाला वळसा घालून पार ओढ्यापलीकडच्या रानात विरून गेला.

हरिबा तसाच बसून राहिला. आता डहाळीपाशी असतो तर, हा विचार त्याच्या मनात आला आणि त्यानं तो परतवून लावला. त्याऐवजी दुसरा आला. दोन गेली, म्हणजे तिसरं आत असेल. नर मागं राहतो. तो येईल, इथूनच येईल. हाकणारे पलीकडच्या अंगानं खाली उतरून गेले. रान शांत झालं. हरिबा बंदूक खांद्याला लावून बसला होता. एक जनावर पाहिजे होतं. एकच.

समोर, खालच्या बाजूला, कारवी हलली.

हळूहळू हलत होती. थांबत होती, पुन्हा हलत होती. मागं राहिलेला नर असाच चालतो. पानांच्या मधून काळपट काहीतरी दिसलं. हरिबानं नेम धरला. त्याच वेळी त्या काळपटाच्या वर पांढरं काहीतरी दिसलं. की बार झाल्यावर दिसलं? पुढं जन्मभर त्याला हे नीट आठवलं नाही. घोडा पडला, धूर झाला, आणि धुरातून माणसाची आरोळी आली.

गेनबा कारवीत बसला होता. घोंगडी गळून पडली होती, डोक्याला पांढरं मुंडासं तसंच होतं. डावा दंड त्यानं उजव्या हातानं आवळून धरला होता आणि बोटांतून रक्त येत होतं. गोळी कानावरून गेली होती. तिच्याबरोबर घातलेल्या छर्‍यांपैकी एक दंडातून आरपार गेला होता.

"तू हितं कसा?" हरिबा ओरडला.

"म्या हितं कसा?" गेनबाचा आवाज बसला होता. "तू हितं कसा! म्या तुला उठवायला घळीत गेलो. डहाळी हाय, धोंडा हाय, माणूस न्हाई. म्हणलं, बापाच्या हिरड्याखाली बसलास जणू. मागनं यायचं म्हणून ह्या अंगानं चढलो, तर तुजं तोंडच ह्या अंगाला."

"मला सांबर वाटलं."

"सांबराला मुंडासं असतं व्हय?"

हरिबानं आपल्या पंच्याची पट्टी फाडली आणि तो दंड बांधायला वाकला. गेनबा मागं सरकला. आधी त्यानं बंदूक कुठं ठेवली आहे ते बघितलं, मग दंड पुढं केला.

"खरं सांग," तो म्हणाला. "सांबर वाटलं का म्या वाटलो?"

"येडा हाईस का?"

"म्या इचारतोय."

"सांबर वाटलं. आईशप्पत."

गेनबानं त्याच्या तोंडाकडं बघितलं. मग उठला आणि एकटाच खाली चालायला लागला. हरिबानं बंदूक उचलली, नळीत दारू घातली, गोळी घातली, गजानं ठासली. बार काढला की लगेच भरायची, रिकामी बंदूक घेऊन रानातून यायचं नाही, ही बापाची शिकवण. हात आपोआप चालत होते.

पाटलांच्या ओट्यावर सगळे जमले होते. हाकणाऱ्यांनी सांबरं घळीत उतरताना डोळ्यांनी बघितली होती आणि बार मात्र सोंडेवरून ऐकला होता. रखमाजी नावाचा तरणा गडी मोठ्यानं सांगत होता, "डहाळीपासनं चार हातांवरनं गेली, पाटील! चार हातांवरनं! तितं पोर काठी घिऊन बसलं असतं तरी एक पडलं असतं!"

पाटलांनी हरिबाकडं बघितलं. "डहाळी कुठं हुती न् तू कुठं हुतास?"

बंदूक गेली, हरिबाला कळून चुकलं. तेवढ्यात मागून गेनबा बोलला.

"जागा म्याच बदलली, पाटील. ऐन वक्ताला मला वाटलं वारं फिरतंय. म्या त्याला हिरड्याखाली जा म्हणलो. डहाळी हलवायची ऱ्हायली. चूक माजी."

"आन् दंडाला काय?"

"उतरताना घसरलो. कारवीचा तोडलेला खुंट घुसला."

सगळे गेनबाला हसले. रखमाजी म्हणाला, "कुंडलिकआबा वरनं बघत असतील तर कपाळ बडवीत असतील, गेनबातात्या!" गेनबानं ते ऐकून घेतलं. पाटील गुरगुरले, पण म्हणाले, "मग हरिबाचा काय दोष न्हाई. चार दिसांनी पुन्हा हाका करा. तवर बंदूक हाय तितं असू द्या."

बंदूक राहिली. हरिबाला आनंद व्हायला पाहिजे होता. पण घरी येऊन त्याला भाकरी जाईना. हा खोटं का बोलला? ज्याला बार लागला तो, ज्याचा फायदा होता तो, सगळ्यांपुढं स्वतःचं हसू करून घेतो? फुकट? उद्या कधीतरी बांधावरून बोलाचाली होईल तेव्हा हा म्हणेल, सांगू का पाटलांना हिरड्याखाली काय झालं ते? परवा म्हणेल, तुझं वरचं खाचर मला कसायला दे. जन्मभर आपण याच्या मुठीत. सारजाबाईला त्यानं सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "माणूस जगला ह्याचं काय न्हाई, आन् हे काय घिऊन बसलात!" ते त्याला ऐकू आलं नाही. दिवसभर त्यानं बंदूक हातातून सोडली नाही. कुणी येऊन घेऊन जाईल, असं त्याला सारखं वाटत होतं.

दिवेलागणीला तो गेनबाच्या दारी गेला. गेनबा ओसरीवर भिंतीला टेकून बसला होता. त्याची बायको रतनबाई दंडावर हळद आणि तेल बांधत होती. हरिबाला बघून तिचे हात थांबले.

"आत जा," गेनबा तिला म्हणाला. "चुलीकडं बघ."

"भावजी," ती उठता उठता म्हणाली, "कारवीचा खुंट एका अंगानं शिरून दुसऱ्या अंगानं निघतो व्हय वो?" आणि उत्तराची वाट न बघता आत गेली.

हरिबा उभाच राहिला. "तुला काय पायजे ते सांग," तो म्हणाला.

"कशाचं?"

"खोटं बोललास त्याचं. खाचर पायजे? वरचा बांध पायजे? आत्ताच सांग. पुढं सांगू नगंस."

गेनबा पहिल्यांदा हसला. "लई इचार केलास रं दिसभर. तुज्यासाठी न्हाई बोललो मी. माणसाला बार लागला हे भोरला कळलं तर परवानाच रद्द. बंदूक ना तुज्याकडं, ना माज्याकडं. कचेरीत जाऊन पडंल. मग सांबरास्नी काय धोंडं मारणार?"

"एवढंच?"

"एवढंच."

हरिबाला हेही पटलं, आणि पटलं म्हणूनच पुन्हा खटकलं. गेनबाचं लक्ष त्याच्या तोंडाकडं नव्हतंच. तो आल्यापासून बंदुकीकडं बघत होता.

"भरलेली हाय?" गेनबानं विचारलं.

"हाय."

"माज्या दारात भरलेली बंदूक घिऊन आलास?"

हरिबानं हातातल्या बंदुकीकडं असं बघितलं, जणू ती दुसऱ्याच कुणीतरी त्याच्या हातात दिली होती. "ध्यानातच न्हाई आलं रं."

"सकाळपासनं माजी छाती धडधडतीया, हरिबा. ती रिकामी कर. मग बोलू."

ठासणीची बंदूक एकदा भरली की रिकामी करायचा सरळ मार्ग एकच. हरिबा अंगणाच्या कडेला गेला, गोठ्यामागच्या उंच बांधाकडं नळी धरली आणि बार काढला.

दरीत तो आवाज दोन-तीनदा घुमला. गोठ्यातली गुरं उधळली. आतून रतनबाई किंचाळत बाहेर धावली. अंगणात धूर, धुरात हरिबा, हातात बंदूक. ओसरीवर नवरा बसला आहे हे तिनं बघितलंच नाही.

"मारला गं बाई! सकाळी दंडावर बार काढला तो पुरा पडला न्हाई म्हणून आता दारात येऊन मारला! धावा रं कुणीतरी!"

पंधरा उंबऱ्यांच्या वाडीत धावायला किती वेळ लागतो? दिवे, चिमण्या, काठ्या घेऊन माणसं आली. रखमाजी सगळ्यांच्या पुढं. मागून चिमाजी पाटील, धोतराचा सोगा सावरत. तोवर रतनबाईला नवरा जिवंत दिसला होता आणि ती तोंडाला पदर लावून मटकन खाली बसली होती. पण जे बोलायचं ते बोलून झालं होतं, आणि जे ऐकायचं ते सगळ्यांनी ऐकलं होतं.

पाटील ओसरीवर चढले. त्यांनी चिमणी जवळ धरून गेनबाच्या दंडावरची चिंधी वर केली. या बाजूनं बघितलं, त्या बाजूनं बघितलं. चिंधी खाली सोडली.

"खुंट," ते म्हणाले.

गेनबानं चिंधी पुन्हा नीट गुंडाळली.

"पाटील, म्या आता फक्त रिकामी करत हुतो," हरिबा म्हणाला. "ह्यानंच सांगितलं. इचारा त्याला."

"व्हय, म्याच सांगितलं," गेनबा म्हणाला.

हरिबानं त्याच्याकडं बघितलं. याला ठाऊक नव्हतं का बारानं वाडी गोळा होईल? बायकोला आत धाडलं ते का? ती बाहेर असती तर ओरडली असती का? की खरंच छाती धडधडत होती? सकाळी बार खाल्लेल्या माणसाची छाती धडधडणारच. गेनबाच्या तोंडावर चिमणीचा उजेड पडला होता आणि त्या तोंडावर काहीही नव्हतं.

"आण हिकडं," पाटलांनी हात पुढं केला.

हरिबानं बंदूक दिली. सोडताना बोटं क्षणभर अडली, मग सुटली.

"समदी ऐका," पाटील वळून म्हणाले. "सकाळी कारवीचा खुंट लागला. भोरला जाईल ते एवढंच. कुणाच्या तोंडनं दुसरं निघालं तर त्याची माजी गाठ हाय. पुसात परवान्यावर गेनबाचं नाव घालीन. तवर बंदूक ह्या घरात ऱ्हाईल." त्यांनी बंदूक ओसरीच्या कोपऱ्यात, गेनबाच्या उजव्या हाताशी टेकवून ठेवली. "चार दिसांनी हाका. दंड उचलंल तवर, गेनबा?"

"उचलंल."

"आता बसवणार कोण?"

वाडीत रान कळणारी माणसं दोनच उरली होती, आणि ती दोघं त्या ओसरीवर होती. एकेक करून सगळ्यांच्या नजरा हरिबाकडं वळल्या.

"म्या बसवीन," हरिबा म्हणाला.

गेनबानं भिंतीवरची पाठ काढली. उजवा हात त्यानं बंदुकीवर ठेवला होता. त्यानं विचारलं, "कुठं बसवशील?"

"आत्ता कसं सांगू?" हरिबा अंगणात उतरत म्हणाला. "आदल्या दिशी सकाळचं वारं बघून सांगतो."